घटक ४ : विचारप्रणाली, मनोविश्लेषण आणि चित्रपट – स्लावोय झिझेक यांच्या संकल्पनांच्या आधारे 'फँड्री'चा अभ्यास

घटक रचना
४.० उद्दिष्टे
४.१ प्रास्ताविक
४.२ विषय विवेचन
४.३ सारांश
४.४ पारिभाषिक शब्द
४.५ स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे
४.६ सरावासाठी स्वाध्याय
४.७ क्षेत्रीय कार्य

४.० उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपणास –
• स्लावोय झिझेक यांच्या विचारांची पार्श्वभूमी सांगता येईल.
• 'विचारप्रणाली ज्ञानात नव्हे, आचरणात असते' या विधानाचा अर्थ उदाहरणांसह स्पष्ट करता येईल.
• महा-अन्य, फँटसी आणि नजर या मनोविश्लेषणातील संकल्पना चित्रपटाच्या आस्वादासाठी वापरता येतील.
• 'फँड्री' या मराठी चित्रपटाचे चिकित्सक विवेचन करता येईल.
• या समीक्षापद्धतीच्या मर्यादा सांगता येतील.

४.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, यापूर्वीच्या घटकांत आपण मार्क्सवादी समीक्षा आणि मनोविश्लेषणात्मक समीक्षा या दोन पद्धतींची स्वतंत्रपणे ओळख करून घेतली. पहिली पद्धत समाजातील सत्तासंबंधांकडे पाहते, तर दुसरी व्यक्तीच्या मनातील दडलेल्या इच्छांकडे. एक बाहेरचे जग तपासते, दुसरी आतले. परंतु बाहेरचा अन्याय माणसाच्या आत कसा शिरतो आणि तेथे का टिकून राहतो, हा प्रश्न या दोहोंच्या मधला आहे. तो ज्या समकालीन विचारवंतांनी मध्यवर्ती मानला, त्यांत स्लोव्हेनियाचे तत्त्वज्ञ स्लावोय झिझेक यांचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागते. या प्रश्नाचा विचार करताना त्यांनी चित्रपट या माध्यमाचा सातत्याने आधार घेतला.

या घटकात त्यांच्या निवडक संकल्पना समजून घेऊन आपण त्या नागराज मंजुळे यांच्या 'फँड्री' या चित्रपटाला लावून पाहणार आहोत. २०१३ मध्ये महोत्सवात दाखवला गेलेला हा चित्रपट १४ फेब्रुवारी २०१४ रोजी चित्रपटगृहांत प्रदर्शित झाला. ६१ व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत दिग्दर्शकाच्या सर्वोत्कृष्ट पहिल्या चित्रपटाचा इंदिरा गांधी पुरस्कार त्याला मिळाला. जब्याची भूमिका करणारा सोमनाथ अवघडे सर्वोत्कृष्ट बालकलाकार ठरला. शक्य असल्यास हा घटक वाचण्यापूर्वी चित्रपट एकदा अवश्य पाहावा.

'फँड्री' हा कैकाडी बोलीतील शब्द असून त्याचा अर्थ 'डुक्कर' असा आहे. घरात तो केवळ एका प्राण्याचे नाव असतो. गावाच्या तोंडी मात्र तो त्या घरातल्या मुलाला हिणवण्याचा शब्द होतो. घरच्या बोलीतील साधा शब्द बाहेर शिवी कसा होतो, हा प्रश्न मराठीच्या अभ्यासकाने विचारलाच पाहिजे. किनवटसारख्या तालुक्यात तर तो अगदी दाराशी उभा असतो. पैनगंगेच्या खोऱ्यातील हा तालुका १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपूर्वी आदिलाबाद जिल्ह्यात होता. येथे मराठीबरोबरच गोंडी, कोलामी, बंजारा, तेलुगू आणि उर्दू बोलणारी कुटुंबे राहतात. घरची बोली एक आणि शाळेची भाषा दुसरी असलेल्या मुलाने कोणता शब्द कोठे उच्चारायचा व कोठे गिळायचा, हे त्याला कोणत्याही पाठ्यपुस्तकात शिकवलेले नसते. तरीही ते त्याला येते. ते कसे येते, याचा शोध घेण्यासाठी या घटकातील संकल्पना उपयोगी पडतात.

४.२ विषय विवेचन

४.२.१ स्लावोय झिझेक : वैचारिक पार्श्वभूमी

झिझेक यांचा जन्म २१ मार्च १९४९ रोजी ल्युब्लियाना येथे झाला. हे शहर त्या वेळी युगोस्लाव्हियात होते. आज ते स्लोव्हेनियाची राजधानी आहे. तत्त्वज्ञानाचे शिक्षण तेथे घेतल्यावर त्यांनी पॅरिसमध्ये जाक-आलँ मिलेर यांच्याकडे मनोविश्लेषणाचा अभ्यास केला. मिलेर हे फ्रेंच मनोविश्लेषक जाक लाकाँ (१९०१–१९८१) यांच्या विचारांचे प्रमुख भाष्यकार होत. झिझेक यांच्या मांडणीत तीन प्रवाह एकत्र येतात : हेगेल यांचे तत्त्वज्ञान, मार्क्स यांची समाजचिकित्सा आणि लाकाँ यांचे मनोविश्लेषण.

'द सब्लाइम ऑब्जेक्ट ऑफ आयडिऑलॉजी' (१९८९) या पुस्तकामुळे ते जगभरच्या अभ्यासकांना परिचित झाले. 'लुकिंग ऑराय' (१९९१) या पुस्तकात त्यांनी हिचकॉकचे चित्रपट व लोकप्रिय कथा-कादंबऱ्यांच्या आधारे लाकाँ यांच्या संकल्पना उलगडल्या. सोफी फाइन्स दिग्दर्शित 'द पर्व्हर्ट्स गाइड टू सिनेमा' (२००६) आणि 'द पर्व्हर्ट्स गाइड टू आयडिऑलॉजी' (२०१२) या माहितीपटांत ते स्वतः पडद्यावर येऊन चित्रपटांचे विश्लेषण करतात.

ज्या देशात ते वाढले तेथील अनुभव त्यांच्या विचारांमागे आहे. युगोस्लाव्हियात अधिकृत समाजवादी घोषणांवर फारसा कोणाचा विश्वास उरला नव्हता. पण सभा भरत होत्या, टाळ्या वाजत होत्या आणि व्यवस्था चालू होती. कोणाचाही विश्वास नसलेली व्यवस्था चालते कशी, हा झिझेक यांचा मूळ प्रश्न आहे.

४.२.२ विचारप्रणाली : 'ठाऊक आहे, तरीही…'

विचारप्रणाली म्हणजे मिथ्या जाणीव, असे पारंपरिक मार्क्सवादी विवेचनात मानले जाते. लोकांना सत्य ठाऊक नसते, म्हणून ते अन्यायी व्यवस्थेला हातभार लावतात. सत्य कळले की भ्रम दूर होईल, अशी ही धारणा आहे. प्रबोधनाच्या सर्व चळवळींमागे थोड्याफार प्रमाणात हाच विश्वास असतो.

जर्मन विचारवंत पीटर स्लोटरडाइक यांनी १९८३ मध्ये या धारणेला आव्हान दिले. आजच्या माणसाला सत्य ठाऊक असते, आणि ते ठाऊक असूनही तो पूर्वीसारखेच वागतो, असे त्यांचे निरीक्षण होते. या वृत्तीला आपण 'जाणता निगरगट्टपणा' म्हणू. झिझेक हे निरीक्षण स्वीकारतात, पण एक पाऊल पुढे जातात. त्यांच्या मते भ्रम नाहीसा झालेला नसतो, त्याची जागा बदललेली असते. भ्रम डोक्यातील ज्ञानात नसून हातापायांच्या आचरणात असतो. मनात 'मी मानत नाही' असे म्हणणारा माणूस कृतीतून मात्र मानतच असतो.

भौतिकशास्त्रज्ञ नील्स बोर यांच्याविषयी सांगितला जाणारा एक किस्सा झिझेक नेहमी वापरतात. बोर यांच्या दारावर शुभशकुनाची घोड्याची नाल लावलेली पाहून पाहुण्याने आश्चर्य व्यक्त केले. बोर म्हणाले की, माझा यावर विश्वास नाही. पण विश्वास न ठेवणाऱ्यालाही ती लाभते, असे मला सांगण्यात आले आहे. आपल्याकडे दुकानाच्या दारात किंवा वाहनापुढे लिंबू-मिरची बांधणाऱ्याला विचारले, तर बहुधा असेच उत्तर मिळेल. विश्वास लिंबू-मिरचीनेच ठेवलेला असतो. माणसाला तो ठेवावा लागत नाही.

आता मराठवाड्याच्या इतिहासातील एक प्रसंग पाहू. २७ जुलै १९७८ रोजी राज्य विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव संमत केला. त्यानंतर नांदेड, परभणी आणि मराठवाड्याच्या इतर भागांत दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरे जाळली गेली. प्रत्यक्ष नामविस्तार होण्यास १४ जानेवारी १९९४ हा दिवस उजाडावा लागला. या साडेपंधरा वर्षांत विरोधाची जाहीर भाषा प्रादेशिक अस्मितेची होती. बाबासाहेबांची विद्वत्ता, त्यांचे घटनेतील योगदान हे नाकारण्याची गरज विरोध करणाऱ्याला भासत नव्हती. 'त्यांचे मोठेपण मान्य आहे, तरीही…' या वाक्यातील 'तरीही' या एका शब्दात विचारप्रणाली वास करते. ती मान्यतेच्या विरोधात उभी नसते. मान्यतेच्या आडोशाने उभी असते.

'फँड्री'त हे तत्त्व एका दृश्यात साकार झाले आहे. पकडलेले डुक्कर बांबूला बांधून जब्या आणि त्याच्या घरचे ते खांद्यावरून वाहून नेत असतात. मागे शाळेची भिंत आहे आणि तिच्यावर महात्मा फुले, सावित्रीबाई फुले, डॉ. आंबेडकर यांच्यासारख्यांची चित्रे रंगवलेली आहेत. त्याच शाळेतील वर्गात संत चोखामेळ्यांचा अभंगही शिकवला गेलेला असतो. म्हणजे गावाला समता ठाऊक नाही, असे म्हणता येत नाही. समता भिंतीवर आहे, फळ्यावर आहे, परीक्षेच्या प्रश्नपत्रिकेत आहे. तिला ठरवून दिलेली जागा मिळाल्यामुळेच ती रस्त्यावर उतरत नाही. गावाच्या वतीने भिंतच समता पाळते. गावाला ती पाळावी लागत नाही.

ज्ञान पुरेसे का पडत नाही, हे सांगताना झिझेक जॉन कार्पेंटर यांच्या 'दे लिव्ह' (१९८८) या चित्रपटाचा दाखला देतात. त्यातील नायकाला एक काळा चष्मा सापडतो. तो घातला की जाहिरातींमागे दडलेल्या आज्ञा दिसू लागतात. नायक आपल्या मित्राला चष्मा घालण्याचा आग्रह करतो. पण मित्र नकार देतो आणि दोघांत बराच वेळ मारामारी होते. सत्य पाहणे सुखाचे नसते, माणूस त्याला अंगाखांद्याने विरोध करतो, हा या मारामारीचा अर्थ झिझेक लावतात.

स्वयं-अध्ययन प्रश्न १
अ) योग्य पर्याय निवडा.
१) झिझेक यांच्या मते आजच्या माणसाचा भ्रम कोठे असतो? (ज्ञानात / आचरणात / स्मरणात)
२) 'द सब्लाइम ऑब्जेक्ट ऑफ आयडिऑलॉजी' हे पुस्तक कोणत्या वर्षी प्रसिद्ध झाले? (१९७८ / १९८९ / २००६)
आ) एका वाक्यात उत्तर लिहा.
३) विचारप्रणालीला 'मिथ्या जाणीव' मानणाऱ्या विवेचनाची मूळ धारणा कोणती?

४.२.३ महा-अन्य : 'लोक काय म्हणतील?'

आचरणात असलेला हा विश्वास टिकवतो कोण? येथे लाकाँ यांची 'महा-अन्य' ही संकल्पना समजून घ्यावी लागते. भाषा, रूढी, कायदा, प्रतिष्ठा यांचे जे अदृश्य जाळे माणसाच्या जन्मापूर्वीपासून अस्तित्वात असते आणि ज्याला साक्षी ठेवून माणूस वागतो, त्याला महा-अन्य असे म्हणतात. मराठीत याचे सर्वांत चपखल उदाहरण 'लोक काय म्हणतील?' या प्रश्नात आहे. हे 'लोक' म्हणजे नेमके कोण, असे विचारले तर एकही नाव सांगता येत नाही. शेजारी म्हणतो, 'माझे काही नाही, पण लोक…'; त्याचा शेजारीही तेच म्हणतो. प्रत्यक्षात कोठेही नसलेले हे 'लोक' सर्वांना धाकात ठेवतात.

फ्रेंच विचारवंत लुई अल्थुसर यांनी १९७० मधील निबंधात याची दुसरी बाजू दाखवली. व्यवस्था माणसाला हाक घालते. रस्त्यात कोणी 'अहो' म्हटले की आपण वळतो, आणि वळल्याक्षणी त्या हाकेने दिलेली ओळख स्वीकारतो. शाळा, कुटुंब, धर्म या संस्था अशा हाका घालत असतात.

या संदर्भात 'फँड्री'तील राष्ट्रगीताचे दृश्य पाहावे. जत्रेत डुकरांमुळे गोंधळ झाल्यानंतर ती पकडण्याचे काम कचरू माने याच्या वाट्याला येते. मुलीच्या लग्नासाठी त्याला पैशांची गरज आहे. सारे कुटुंब शाळेजवळच्या मोकळ्या जागेत डुकराच्या मागे धावत असते. डुक्कर हाती लागणार, इतक्यात शाळेत राष्ट्रगीत सुरू होते. जब्या जागच्या जागी उभा राहतो. पाठोपाठ घरचे सारे स्तब्ध उभे राहतात. डुक्कर मात्र निसटते.

प्रेक्षक येथे हसतो. पण त्या हसण्यात एक काटा आहे. राष्ट्रगीत सुमारे ५२ सेकंदांचे असते. तेवढ्या काळापुरते माने कुटुंब आणि शाळेच्या मैदानातील मुले एकाच हाकेला ओ देतात, एकाच रांगेत येतात. गीत संपताच मुले प्रेक्षक होतात आणि जब्याचे कुटुंब पुन्हा डुकरामागे धावू लागते. राष्ट्राची हाक त्यांनी मनापासून ऐकली. त्यांची हाक मात्र राष्ट्राने ऐकली नाही. ज्यांना त्या व्यवस्थेने सर्वांत कमी दिले, तेच तिचा मान सर्वांत काटेकोरपणे राखतात. २००३ पासून महाराष्ट्रातील चित्रपटगृहांत खेळापूर्वी राष्ट्रगीत लावण्याची पद्धत रूढ झाली होती. त्यामुळे हे दृश्य पाहणारा प्रेक्षक स्वतःही काही वेळापूर्वी तसाच उभा राहिलेला होता. तो कोणासोबत उभा होता, हा प्रश्न चित्रपट त्याच्यावर सोपवतो.

किनवट परिसराला हा विचार लावून पाहता येईल. दिवाळीच्या सुमारास गोंड समाजात दंडारीचे नृत्य होते. घुसाडींचे मोरपिसांचे टोप पाहण्यास सर्वांना आवडते. असे नृत्य शासकीय समारंभात सादर झाले की टाळ्या पडतात. परंतु त्या नर्तकाची गोंडी भाषा कार्यालयात चालत नाही. त्याला 'संस्कृती' म्हणून हाक येते, 'नागरिक' म्हणून येण्यास वेळ लागतो. टाळ्या वाजवणाऱ्याच्या मनात अनादर असतोच असे नाही. मनातील आदर आणि आचरणातील अंतर एकाच वेळी नांदू शकतात, हेच येथे लक्षात घ्यायचे आहे.

४.२.४ काळी चिमणी : इच्छा आणि फँटसी

जब्याला शाळेतली शालू आवडते. तिच्याशी त्याचा मोकळा संवाद असा जवळजवळ घडतच नाही. काळी चिमणी पकडून, जाळून तिची राख मुलीच्या अंगावर टाकली की ती वश होते, असे त्याच्या मनात भरलेले असते. त्यामुळे गलोल घेऊन तो माळरानात या चिमणीमागे भटकतो. त्याला जीन्सची पँटही हवी असते. त्यासाठी तो पैसे जमवतो.

मनोविश्लेषणाच्या परिभाषेत काळी चिमणी ही 'इच्छा-कारक वस्तू' आहे. अशी वस्तू इच्छा पूर्ण करत नाही, ती इच्छेला जागे ठेवते. ती हाती लागत नाही तोवर 'ती मिळाली की सारे बदलेल' ही आशा टिकून राहते. झिझेक यांच्या मते फँटसी म्हणजे अपुऱ्या इच्छांची मनातल्या मनात पूर्ती नव्हे. नेमकी कशाची इच्छा करावी, कोणाच्या नजरेत भरावे, हे फँटसीच आपल्याला शिकवते. त्यामुळे फँटसी वास्तवाच्या विरुद्ध टोकाला नसते. वास्तव सुसह्य करून ते उभे ठेवणारा तो टेकू असतो.

जब्याची फँटसी तपासली, तर तिच्यात जातीचा उल्लेख कोठेच नाही. राख आहे, जादू आहे, नवे कपडे आहेत. हा अनुल्लेखच महत्त्वाचा आहे. शालू आणि आपण यांच्यामध्ये जे उभे आहे, त्याचे नाव घेतले तर ओलांडण्याचा मार्ग त्याला दिसत नाही. म्हणून त्याने त्या अडथळ्याच्या जागी एक चिमणी ठेवली आहे. चिमणी निदान गलोलीच्या टप्प्यात तरी असते.

मंजुळे यांच्या 'सैराट' (२९ एप्रिल २०१६) या चित्रपटाची रचनाही याच अंगाने पाहता येते. पूर्वार्धातील गाणी, विहीर, मोटारसायकल हा सारा लोकप्रिय प्रेमपटाचा परिचित साज प्रेक्षकाला सुखावतो. शेवटी मात्र त्याच जगातील माणसे घरात येऊन खून करून जातात. पूर्वार्धात जे स्वप्न वाटले त्यात हे मारेकरी आधीपासूनच होते. गाण्याच्या ठेक्यात प्रेक्षकाने त्यांच्याकडे दुर्लक्ष केले होते.

४.२.५ दगड : नजरेची उलटापालट

चित्रपट पाहणारा माणूस अंधारात सुरक्षित बसलेला असतो. तो पडद्यावरच्यांना पाहतो. पडद्यावरचे त्याला पाहत नाहीत. लाकाँ यांनी 'डोळा' आणि 'नजर' यांत फरक केला. डोळा पाहणाऱ्याचा असतो. नजर मात्र पाहिल्या जाणाऱ्या वस्तूकडून आपल्याकडे येते. आपण पाहत असतानाच कोठून तरी पाहिले जात आहोत, अशी जी अस्वस्थ जाणीव होते, ती नजरेची असते. चित्रपटातील नजर या संकल्पनेचा झिझेक यांनी हिचकॉकच्या संदर्भात विशेष उपयोग केला आहे.

'फँड्री'च्या अखेरच्या भागात डुक्कर पकडण्याचा प्रसंग गावासाठी करमणूक होतो. मुले हसतात, टिप्पण्या करतात. शालूही पाहणाऱ्यांत असते. जब्या तिच्या दृष्टीस पडू नये म्हणून लपतो. आपल्याला जसे पाहिले जावे असे त्याला वाटत होते, त्याच्या नेमके उलटे आता घडत असते. बाबूराव बागूल यांच्या 'जेव्हा मी जात चोरली होती' (१९६३) या कथासंग्रहाच्या शीर्षकातच आलेली लपण्याची वेदना येथे एका शाळकरी मुलाच्या देहबोलीतून व्यक्त होते. काही वेळाने मात्र तो लपायचे थांबतो. त्रास देणाऱ्यांवर तो दगड भिरकावू लागतो, आणि शेवटचा दगड थेट कॅमेऱ्याच्या दिशेने येतो. पडदा काळा होतो.

या दगडाचे स्थान लक्षात घ्यावे. तोपर्यंत प्रेक्षक जब्याच्या बाजूचा होता. त्याला जब्याची दया येत होती, गावाची चीड येत होती. दगड आल्यावर कळते की, डुकराच्या पाठलागाचे ते दृश्य पाहताना आपणही हसलो होतो. तमाशा पाहणाऱ्या गावकऱ्यांच्या शेजारीच आपली जागा होती. कळवळा हासुद्धा एक आडोसा असू शकतो. 'मी त्यांच्यातला नाही' असे म्हणण्याची सोय कळवळ्यामुळे मिळते. दगड ती सोय काढून घेतो. भिंतीवरच्या चित्रांप्रमाणे चित्रपटगृहातील हळहळही समतेचे काम आपल्या वतीने परस्पर उरकू शकते. दिग्दर्शकाला ते मान्य नाही. म्हणूनच हा शेवट मराठी चित्रपटाच्या इतिहासात महत्त्वाचा ठरतो.

स्वयं-अध्ययन प्रश्न २
एका-दोन वाक्यांत उत्तरे लिहा.
१) महा-अन्य या संकल्पनेचे मराठी व्यवहारातील उदाहरण कोणते?
२) काळी चिमणी ही 'इच्छा-कारक वस्तू' का म्हणता येते?
३) 'डोळा' आणि 'नजर' यांत कोणता फरक आहे?

४.२.६ या समीक्षापद्धतीच्या मर्यादा

येथे केलेले 'फँड्री'चे वाचन झिझेक यांच्या संकल्पना घेऊन केलेले आहे. ते त्यांचे स्वतःचे वाचन नव्हे. युरोपात घडलेली परिभाषा आपल्या समाजाला लावताना तीन बाबींचे भान ठेवणे आवश्यक आहे.

पहिली बाब अशी की, 'ठाऊक आहे, तरीही…' हे वाक्य सर्वांना सारखे लागू होत नाही. गावातील प्रतिष्ठितांना अन्याय ठाऊक असतो, तरीही ते तसे वागतात, कारण त्यात त्यांची सोय असते. कचरूलाही सारे ठाऊक असते. किशोर कदम यांनी रंगवलेला हा बाप भ्रमात नाही आणि निगरगट्टही नाही. त्याच्यापुढे मुलीचे लग्न आहे आणि हाताशी दुसरे काम नाही. त्याच्या वागण्याचे मूळ नेणिवेत शोधण्याआधी त्याच्या रिकाम्या खिशात शोधले पाहिजे. निगरगट्ट होणे ही चैन आहे. ती प्रत्येकाला परवडत नाही.

दुसरी बाब जातीच्या स्वरूपाविषयी आहे. मालक आणि मजूर या दोन टोकांच्या विभागणीवरून बांधलेला सिद्धान्त श्रेणीबद्ध विषमतेला पुरेसा पडत नाही. जातिव्यवस्थेत प्रत्येक पायरीच्या खाली आणखी एक पायरी असते, हे डॉ. आंबेडकरांनी वारंवार दाखवून दिले. 'जातिप्रथेचे विध्वंसन' (१९३६) या त्यांच्या प्रबंधात जात ही विटांच्या भिंतीसारखी वस्तू नसून मनाची एक अवस्था आहे, असे प्रतिपादन आहे. म्हणजे मन आणि समाज यांच्या सांध्यावरचा प्रश्न आपल्याकडे झिझेक यांच्या कितीतरी आधी विचारला गेला होता. त्याला दिलेले उत्तरही केवळ बौद्धिक नव्हते. २० मार्च १९२७ रोजी महाड येथे चवदार तळ्याचे पाणी प्राशन करण्यात आले. तळे सर्वांसाठी खुले असल्याचा नगरपालिकेचा ठराव आधीपासून कागदावर होता. ठराव म्हणजे ज्ञान; ओंजळ म्हणजे आचरण. विश्वास आचरणात राहत असेल तर त्याला आव्हानही आचरणातूनच द्यावे लागते, हे महाडने दाखवले. झिझेक यांचे सूत्र आपल्या भूमीवर पडताळून पाहण्यासाठी यापेक्षा चांगला दाखला मिळणार नाही.

तिसरी बाब कलाकृतीविषयी आहे. संकल्पना सिद्ध करण्यासाठी चित्रपट वापरला की त्याचा ध्वनी, त्याची लय, नटांचे चेहरे, बोलीचा पोत या गोष्टी दुर्लक्षित राहतात. झिझेक यांच्यावर हा आक्षेप घेतला जातो, आणि तो रास्त आहे. चित्रपट हा सिद्धान्ताचा साक्षीदार नव्हे. जेथे चित्रपट सिद्धान्ताच्या पुढे जातो, ती जागा दाखवणे हे चांगल्या समीक्षेचे लक्षण आहे. कचरूच्या चेहऱ्यावरील थकवा ही अशी एक जागा आहे. तिला कोणतीही परिभाषा पुरत नाही.

४.३ सारांश

विचारप्रणाली म्हणजे केवळ अज्ञान नव्हे. सत्य ठाऊक असूनही आचरणात टिकून राहणारा विश्वास म्हणजे विचारप्रणाली, असे झिझेक मानतात. हा विश्वास 'महा-अन्य'च्या साक्षीने चालतो आणि फँटसीच्या टेकूवर उभा राहतो. 'फँड्री'तील शाळेची भिंत, राष्ट्रगीत, काळी चिमणी आणि अखेरचा दगड या चार खुणांच्या आधारे या संकल्पना समजून घेता येतात. शेवटचा दगड प्रेक्षकाच्या कळवळ्यालाही प्रश्न विचारतो. तथापि, आर्थिक सक्ती आणि श्रेणीबद्ध विषमता यांचे स्पष्टीकरण केवळ मनोविश्लेषणाने होत नाही, त्यासाठी डॉ. आंबेडकरांच्या विचारांची जोड आवश्यक ठरते.

४.४ पारिभाषिक शब्द

विचारप्रणाली – समाजातील सत्तासंबंध स्वाभाविक भासावेत, अशा रीतीने माणसाच्या विचारांना व आचरणाला वळण देणारी रचना.
मिथ्या जाणीव – वास्तवाविषयीची चुकीची समजूत, जी खरी वाटते.
नेणीव – जाणिवेच्या कक्षेबाहेर राहून वर्तनावर परिणाम करणारा मनाचा भाग.
महा-अन्य – भाषा, रूढी, कायदा यांचे अदृश्य जाळे, ज्याला साक्षी ठेवून माणूस वागतो.
फँटसी – इच्छेला दिशा देणारी व वास्तवाला आधार देणारी मनातील मांडणी.
नजर – पाहणाऱ्याकडे समोरच्या वस्तूकडून परत येणारी, पाहिले जात असल्याची जाणीव.

४.५ स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे

स्वयं-अध्ययन प्रश्न १
१) आचरणात. २) १९८९. ३) लोकांना सत्य ठाऊक नसते म्हणून ते अन्यायी व्यवस्थेला हातभार लावतात आणि सत्य कळल्यास भ्रम दूर होईल, ही मूळ धारणा होय.

स्वयं-अध्ययन प्रश्न २
१) 'लोक काय म्हणतील?' या प्रश्नातील 'लोक'. २) चिमणी इच्छा पूर्ण करत नाही; ती जब्याची इच्छा जागी ठेवते आणि जातीच्या अडथळ्याचे नाव न घेण्याची सोय करते. ३) डोळा पाहणाऱ्याचा असतो, नजर पाहिल्या जाणाऱ्या वस्तूकडून पाहणाऱ्याकडे येते.

४.६ सरावासाठी स्वाध्याय

अ) दीर्घोत्तरी प्रश्न
१) 'विचारप्रणाली ज्ञानात नव्हे, आचरणात असते' हे विधान 'फँड्री'च्या आधारे स्पष्ट करा.
२) 'फँड्री'चा शेवट प्रेक्षकाला कोणत्या स्थानी उभा करतो, याची चर्चा करा.

आ) टिपा लिहा
१) 'फँड्री'तील राष्ट्रगीताचे दृश्य २) काळी चिमणी ३) मनोविश्लेषणात्मक चित्रपटसमीक्षेच्या मर्यादा

इ) तुलनात्मक प्रश्न
लक्ष्मण माने यांच्या 'उपरा' (१९८०) या आत्मकथनातील कैकाडी समाजाचे चित्रण आणि 'फँड्री'तील चित्रण यांची तुलना करा. शाळा या संस्थेचे दोन्हींतील स्थान विशेषत्वाने विचारात घ्या.

४.७ क्षेत्रीय कार्य

१) आपल्या गावातील किंवा वस्तीतील शाळा, ग्रामपंचायत, बसस्थानक यांच्या भिंतींवर कोणते विचार आणि कोणाची चित्रे आहेत, याची नोंद करा. त्या भिंतीसमोर दिवसभरात होणारे व्यवहार पाहून दोन्हींवर एक टिपण लिहा.
२) गोंडी, कोलामी, बंजारा किंवा आपल्या परिसरातील अन्य बोलीतील असे पाच शब्द मिळवा, जे घरात साधे असतात, पण बाहेर हिणवण्यासाठी वापरले जातात. ते शब्द ती बोली घरात बोलणाऱ्या व्यक्तीच्या संमतीने नोंदवा आणि त्यांचा मूळ अर्थ आधी लिहा. वर्गात, कार्यालयात किंवा बाजारात तो शब्द कोणी, कोणाला आणि कोणत्या प्रसंगी वापरला, हे त्यापुढे नोंदवा. व्यक्तींची नावे मात्र लिहू नका.